घरात थिमेट शिल्लक असेल तर: फोरेटबंदी, हुमणीचा बंदोबस्त आणि विषबाधेतील पहिला तास

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळपासून राधानगरीपर्यंत उसाच्या पट्ट्यात थिमेटचे नाव अजून गेलेले नाही. हुमणी (जमिनीत राहून मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी) लागली की थिमेट, लागणीला खोडकीड दिसली की थिमेट, असा बऱ्याच वर्षांचा रिवाज आहे. थिमेट म्हणजे फोरेट, १० टक्के दाणेदार. केंद्र सरकारच्या ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्याचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि वापर पूर्ण बंद आहे. तरीही मोटारीच्या खोलीत, गोठ्याच्या माळ्यावर, खताच्या पोत्यांमागे अर्धी वापरलेली पिशवी पडून असते आणि हुमणीने ऊस वाळू लागला की ती आठवते.

तिचे काय करायचे, तिच्याऐवजी शेतात काय करायचे आणि कोणाला बाधा झालीच तर पहिल्या तासात काय करायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

बंदी का आली

फोरेट हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक. कीटकाच्या आणि माणसाच्याही मज्जातंतूंत ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन संदेश पोचवते आणि काम झाले की कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्याचा निचरा करते. ऑर्गॅनोफॉस्फेट त्या विकरालाच बांधून टाकते. मग संदेश थांबत नाहीत: ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू फडफडत राहतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत फोरेट 'एक-अ' या सर्वांत घातक वर्गात आहे. ते पोटातून जाते, कातडीतूनही जाते आणि त्याच्या वाफेनेही बाधा होते. हातमोजे न घालता घमेल्यात दाणे कालवून सरीत फेकणे किती धोक्याचे आहे, ते यावरून कळेल.

जमिनीत पडल्यावरही ते लगेच संपत नाही. फोरेटचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फॉक्साइड आणि सल्फोन तयार होतात. तीही विषारीच, आणि मूळ फोरेटपेक्षा जास्त टिकतात, पाण्याबरोबर वाहतात. नांगरामागे हुमणी वेचणारे बगळे, कावळे आणि साळुंक्या हे आपले फुकटचे मजूर. दाणेदार विषाने आधी तेच मरतात.

डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ६६ कीटकनाशकांचा फेरआढावा घेतला, त्यातून २०१८ चा आदेश निघाला. मिथाइल पॅराथिऑन, फेन्थिऑन, डायझिनॉन अशी १२ रसायने त्याच वेळी बंद झाली. फोरेट, डायक्लोरव्हॉस (बोलीत नुवान), ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन, ट्रायक्लोरफॉन आणि अलाक्लोर या सहांना २०२० अखेरची मुदत मिळाली. २०१९ मध्ये फोरेट रॉटरडॅम कराराच्या यादीतही गेले, म्हणजे आयात करणाऱ्या देशाची आगाऊ संमती घेतल्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही.

साठा हाताळण्याचा क्रम

आधी शोधा. लेबल फाटले असेल तर उग्र, लसणासारखा वास ही एक खूण आहे. पण ओळख पटवण्यासाठी पिशवी नाकाशी नेऊ नका. लेबल नसलेली दाणेदार पिशवी फोरेटचीच आहे असे धरून चाला.

हातात नायट्राइल किंवा जाड रबरी हातमोजे, पायात गमबूट, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडावर मास्क हवा. रुमाल किंवा कापडी मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफ शोषणारे काडतूस असलेला मास्क लागतो. तो नसेल तर खोलीची दारे-खिडक्या तासभर उघडी ठेवा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि काम काही मिनिटांत उरका.

मूळ पिशवीतून दाणे दुसरीकडे ओतू नका. पिशवी आहे तशी जाड प्लास्टिकच्या दुसऱ्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या बॅरलमध्ये ठेवा. बॅरलवर रंगाने मोठे लिहा: 'विष – फोरेट – वापरू नये'. बॅरल कुलपात ठेवा आणि किल्ली घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे असू द्या. कुलूप फक्त लहान मुलांसाठी नसते. रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणी विष हाताशी नसले, तर जीव वाचतो. घरात कोणी तशा मनःस्थितीत असेल तर साठा त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात हलवा, त्या माणसाला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

नदीकाठच्या गावांनी आणखी एक गोष्ट सांभाळायची आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा, कृष्णा, दूधगंगेचे पाणी घराघरांत आणि मोटारीच्या खोल्यांत शिरले. बॅरल पूररेषेच्या वरच हवे. जूनच्या आत ते हलवा, पाणी दारात आल्यावर त्याची आठवण कोणालाच राहत नाही.

साठा पुरायचा नाही, जाळायचा नाही, ओढ्यात, विहिरीत किंवा परड्यात टाकायचा नाही. जाळला तर विषारी धूर होतो आणि पुरला तर ते भूजलात उतरते. 'एकदाचे उसात टाकून संपवू' हा विचार सर्वांत जास्त लोकांच्या मनात येतो आणि तोच सर्वांत चुकीचा, कारण बंदी वापरावरही आहे.

मग द्यायचे कुठे? तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावे एक अर्ज लिहा आणि त्याची प्रत पंचायत समितीच्या कृषी विभागाला द्या. अर्जात उत्पादनाचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, अंदाजे वजन आणि पिशवी फुटलेली आहे की धड, इतके असावे. पोच घ्या. मुदत संपलेली आणि बंदी आलेली कीटकनाशके घातक कचऱ्यात मोडतात आणि त्यांची विल्हेवाट २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत प्रक्रिया केंद्रातच लावावी लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरातच आहे. एकट्याच्या दोन किलोंसाठी यंत्रणा हलायला वेळ लागतो. गावातल्या पाणीपुरवठा संस्थेने किंवा सेवा सोसायटीने सगळ्यांची यादी एकत्र करून एकच अर्ज दिला तर काम लवकर होते, म्हणून तोच मार्ग आधी धरावा.

दाणे सांडले असतील तर झाडू मारू नका, विषारी धूळ उडते. त्यावर ओलसर माती पसरा, पत्र्याच्या सुपलीने उचला आणि त्याच बॅरलमध्ये घाला. फरशीवर धुण्याच्या सोड्याचे दाट पाणी ओतून काही तास राहू द्या. अल्कधर्मी द्रावणात ऑर्गॅनोफॉस्फेट लवकर विघटित होते. ते पाणी मातीत शोषून तीही माती बॅरलमध्येच टाका, गटारात नको.

दुकानात काय पाहायचे

बिल मिळणार नाही असे सांगून सुट्या पुडीत किंवा लेबल नसलेल्या पिशवीत 'जुना स्ट्रॉंग माल' पुढे केला, तर तो घेऊ नका. लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची व मुदतीची तारीख, पिकाचे व किडीचे नाव, उतारा आणि विषाचा त्रिकोण असलाच पाहिजे. लाल त्रिकोण म्हणजे अतितीव्र विष, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. पिकाच्या रकान्यात 'ऊस' नसेल तर ते औषध उसासाठी नाही, दुकानदार काहीही म्हणो.

बंदी असलेला माल विकताना आढळला तर तालुका किंवा पंचायत समितीतील गुणनियंत्रण निरीक्षकांकडे लेखी तक्रार करा. कीटकनाशक अधिनियम १९६८ प्रमाणे त्यांना दुकानाची झडती घेण्याचा, विक्री थांबवण्याचा आणि नमुना काढण्याचा अधिकार आहे.

फोरेट नाही म्हटल्यावर काउंटरवर दोन पर्याय हमखास पुढे येतात. एक कार्बोफ्युरान ३ टक्के दाणेदार. २०२३ च्या आदेशाने त्याची बाकी सगळी रूपे बंद झाली, फक्त हे ३ टक्क्यांचे उरले. गट कार्बामेट, म्हणजे वेगळा, पण घाव त्याच विकरावर. दुसरा क्लोरपायरीफॉस, हे पुन्हा ऑर्गॅनोफॉस्फेटच. युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याची मान्यता काढली. २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्मूलनाच्या यादीत काही सवलतींसह त्याचे नाव गेले. भारतात ते अजून विकले जाते, मात्र २०२३ मध्ये बोर, लिंबूवर्गीय फळे आणि तंबाखू या पिकांवरचा वापर काढून टाकला. त्याच आदेशात मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएलही बंद करण्यात आले. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासूनच मनाई होती. क्लोरपायरीफॉससारखे जे विष एकेक पीक करून मागे घेतले जात आहे, त्यावर हुमणीचे नियोजन बांधणे शहाणपणाचे नाही.

हुमणी: औषधाच्या आधी महिना पाहा

फोरेट वापरूनही हुमणी राहायची, त्याचे मुख्य कारण वेळ. सप्टेंबरमध्ये ऊस पिवळा पडला, ठोंब हाताने उपटून आला की माणूस धावतो. तोवर अळी तिसऱ्या अवस्थेत, बोटाएवढी जाड झालेली असते. या अवस्थेत कोणतेही औषध धड लागू पडत नाही. हुमणीचे वर्षात एकच पिढीचे चक्र असते, म्हणजे तिला गाठायची संधीही वर्षातून एकदाच येते: वळवाच्या पावसापासून जुलै-ऑगस्टपर्यंत.

जिल्ह्यात दोन जाती महत्त्वाच्या. होलोट्रायकिया सेराटाचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात. नदीकाठच्या जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा आढळते. तिचे भुंगेरे पाला खायला झाडांवर फारसे जात नाहीत, जून-जुलैत तिन्हीसांजेला जमिनीतून निघून मिलन करतात आणि मादी पुन्हा मातीत शिरते. काठावरच्या गावांनी नुसती कडुनिंबे हलवून काही हाती लागत नाही, ते यामुळेच.

एप्रिल-मे: ऊस तुटून गेलेल्या रानात खोडवा (त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) ठेवायचा नसेल तर ते दोन-तीन वेळा खोल नांगरा आणि उन्हात तापू द्या. उघड्या पडलेल्या अळ्या, कोष पक्ष्यांना वेचू द्या. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरा. उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणीची नसते, गेंड्या भुंग्याची अळी तशीच दिसते. तरीही खत पसरण्याआधी अळ्या वेचलेल्या बऱ्या.

पहिला वळीव झाला की त्या संध्याकाळपासून साधारण साडेसात ते नऊ या वेळात भुंगेरे गोळा करा. झाडाखाली ताडपत्री पसरा, आकडी लावलेल्या काठीने फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. हे दोन-तीन आठवडे रोज करावे लागते. एका मादीपासून साधारण ५० ते ६० अंडी होतात, त्यामुळे अंडी घालण्याआधी मारलेल्या एका मादीचे मोल एकरभर औषधाहून कमी नाही. एकट्याने केले तर शेजारच्या रानातले भुंगेरे येतात. म्हणून ग्रामपंचायत, कारखान्याचा शेती विभाग आणि तरुण मंडळे यांनी गाव म्हणून एकाच आठवड्यात सुरुवात करावी.

जून-जुलै: जमिनीत ओल आल्यावर मेटारायझियम ॲनिसोप्ली ही परोपजीवी बुरशी एकरी ८ किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत ठोंबाजवळ द्या आणि मातीने झाका. ती जिवंत आहे, हे विसरले की ती फसते. उन्हात ठेवलेले पाकीट, मुदत संपलेला माल, कोरडी जमीन, किंवा त्याच आठवड्यात केलेली बुरशीनाशकाची आळवणी, यांपैकी एकानेही पैसे वाया जातात. तिचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. पण जमिनीत ती टिकली की पुढच्या पिढीवरही चालते.

जुलैच्या मध्यापासून दर पंधरवड्याला मोजणी करा. एकरात पाच-सहा ठिकाणी एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा वीतभर-दीड वीत खोल उकरा. चौरस मीटरला सरासरी एक अळी भेटली की थांबू नका. अळ्या लहान असतील तर फिप्रोनिल ४० टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड ४० टक्के डब्ल्यूजी हे मिश्रण एकरी १७५ ते २०० ग्रॅम, ४०० ते ५०० लिटर पाण्यातून आळवणी करून, म्हणजे ठोंबाच्या बुडाशी ओतून द्या.

इथे सगळे गणित पाण्याचे आहे. २०० ग्रॅम ५०० लिटरला म्हणजे लिटरला ०.४ ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम आणि एकराला ३३ पंप. तेवढे पंप मारायचा कंटाळा येतो म्हणून १० पंपांत सगळी पुडी संपवली जाते. द्रावण दाट होते, वरच्या दोन बोटे मातीत अडकते आणि अळी मुळाशी सुखरूप राहते. नोझल काढा, ठोंबाच्या बुडाशी धार सोडा. जमीन वाफशावर हवी: भेगाळलेल्या कोरड्या रानात द्रावण भेगेतून खाली निघून जाते आणि चिखलात ते मुरत नाही. ग्रॅम मोजायला छोटा वजनकाटा वापरा, टोपणाने मोजू नका.

या मिश्रणालाही निरुपद्रवी समजू नका. मधमाश्यांना, माशांना आणि खेकड्यांना ते घातक आहे. ओढ्याच्या कडेच्या सऱ्या सोडा, जोराचा पाऊस येणार असेल तर थांबा, आणि उसात भुईमूग, सोयाबीन किंवा भाजीपाल्याचे आंतरपीक असेल तर देऊ नका.

सप्टेंबरनंतर वाळलेले ठोंब खणून काढा, अळ्या हाताने वेचा, शेताला पाणी द्या आणि त्या प्लॉटची नोंद ठेवा. तिथे खोडवा ठेवायचा मोह टाळा. नांगरून दुसरे पीक घ्या.

खोडकिडीसाठी वेगळे सांगायला थोडेच आहे. बाळबांधणी (कोंबांच्या बुडाला मातीची हलकी भर) वेळेवर करा, पोंगेमर झालेले, म्हणजे मधला पोंगा वाळलेले कोंब कापून नष्ट करा, किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा चिलोनिस या परोपजीवी कीटकाची कार्डे लावा. प्रादुर्भाव वाढलाच तर क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार एकरी ७.५ किलो सरीत ओलीवर द्या. आपल्या जमिनीबद्दल शंका असेल तर कोल्हापूरचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र जवळ आहे, अळ्या बाटलीत घालून दाखवायला न्या.

हाताळताना

तंबाखू मळणे ही आपल्याकडची सर्वांत मोठी चोरवाट. औषधाच्या हाताने चुना-तंबाखू मळला की विष थेट तोंडात जाते. पुडी घरीच ठेवून निघा. पॅन्ट गमबुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचली तर द्रावण बुटात साचून पाय भिजत राहतात. द्रावण काठीने ढवळा, हाताने कधीच नाही. भर उन्हात काम नको. घामाने भिजलेली कातडी विष लवकर घेते. काम झाल्यावर हातमोजे हातातच साबणाने धुवून मग काढा, अंघोळ करा आणि कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा.

रिकामा डबा पाव भरून, झाकण लावून हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असे तीन वेळा. मग डब्याला भोके पाडा. बिहारमध्ये जुलै २०१३ मध्ये शाळेच्या पोषण आहारातून २३ मुले दगावली, त्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते. कीटकनाशकाचा डबा पुन्हा कशालाही वापरायचा नाही, डिझेललाही नाही.

बाधा झाली तर

लाळ गळणे, दरदरून घाम, डोळ्यांतून पाणी, मळमळ, पोटात कळा, उलट्या-जुलाब, धूसर दिसणे, छातीत घरघर, स्नायू फडफडणे. टॉर्च लावून पाहिले तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. 'ऊन लागलं असेल' म्हणून सावलीत झोपवून ठेवण्यात मोलाचा तास जातो. उष्माघातात बाहुल्या अशा बारीक होत नाहीत, हा फरक लक्षात ठेवा.

माणसाला शेतातून मोकळ्या हवेत आणा. मदत करणाऱ्याने आधी हातमोजे घालावेत. कपडे काढा, ओढून निघत नसतील तर कापा. साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखे १५ ते २० मिनिटे धुवा. डोळ्यांवर सतत पाणी सोडा. मात्र श्वास अडखळत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर धुण्यासाठी थांबू नका, आधी १०८ ला फोन. वाटेत डाव्या कुशीवर ठेवा. उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप, ताक काहीही पाजू नका, ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

लेबल किंवा डब्याचा फोटो बरोबर न्या. ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम या उताऱ्याच्या औषधांची निवड डॉक्टर त्यावरूनच करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिन सुरू करून पुढे कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयासारख्या, कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे, हा क्रम सहसा योग्य ठरतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर सल्ला देते.

बरे वाटले म्हणून दुसऱ्या दिवशी घरी नेण्याची घाई करू नका. एक ते चार दिवसांनी मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात, आणि तेव्हा व्हेंटिलेटर जवळ असावा लागतो. झोपलेल्या रुग्णाला उशीवरून मान उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा. घरी आल्यावरही काही आठवडे त्याला कोणत्याही औषधाच्या कामाला लावू नका, कारण विकराची पातळी सावकाश भरून येते आणि दुसरी बाधा थोड्या विषानेही होते.

खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याचा कीटकनाशक हाताळताना विषबाधेने मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. सातबारा, पोलिसांचा पंचनामा आणि वैद्यकीय अहवाल जपून ठेवा. रोजंदारीवर आलेल्या मजुराला ही योजना लागू होत नाही. म्हणून त्याचे हातमोजे, गमबूट आणि मास्क रानमालकाने स्वतःच्या खर्चाने, कामाच्या आधी द्यायचे.